कारणाचा रकाना

अर्ज माझ्या टेबलावर आला तेव्हा त्यात सगळं भरलेलं होतं. नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, पालकांचा व्यवसाय, मागितलेली रक्कम. अक्षर टपोरं, जरा जास्तच टपोरं, आणि ओळी उजवीकडे जाता जाता वर चढलेल्या. पानाच्या खालच्या अर्ध्या भागात ‘मदतीची गरज का आहे ते सविस्तर लिहा’ असा मथळा आणि त्याखाली बारा रेघा. पहिल्या रेघेवर एकच शब्द होता, ‘चष्मा’. उरलेल्या अकरा रेघा कोऱ्या.

मुलगी समोरच उभी होती. डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होती आणि मला ते बघणं किंचित उद्धट वाटलं. कॉलेजच्या विद्यार्थी साहाय्य निधीच्या समितीवर मी तीन वर्षं आहे. भाषा शिकवणारं माणूस असलं की टिपणी नीट लिहून होते, एवढ्यावरच माझी नेमणूक झालेली. “अगं, नुसतं चष्मा काय?” मी म्हणाले, “समितीला कळायला नको का? आणखी थोडं लिही.” तिने विचारलं, “काय लिहू, मॅडम?” “काय झालं, घरची परिस्थिती कशी आहे, अडचण काय आहे. सविस्तर लिही.” कागद घेऊन ती खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसली. कागद नाकाशी धरून बराच वेळ काहीतरी करत होती. शाईच्या पॅडचा आणि जुन्या फायलींचा तो कुबट, किंचित गोडसर वास खोलीत भरून राहिलेला, वर पंखा कुरकुरतोय, आणि मी दुसऱ्या अर्जांवर शेरे मारतेय. थोड्या वेळाने ती परत आली. आता लिहिलं होतं, ‘चष्मा फुटला आहे.’

मी हसले. तीही हसली, पण कशाला हसायचं ते तिला कळलेलं नव्हतं.

पुढे जे झालं त्यात दुष्ट असं कुणीच नव्हतं, आणि तेच मला जास्त खुपतं. निधीच्या नियमात फी, पुस्तकं, परीक्षा शुल्क आणि प्रवास एवढंच लिहिलेलं. चष्मा शैक्षणिक खर्चात बसतो का, यावर समितीत खरोखर चर्चा झाली. एक सर म्हणाले, “उद्या बूट मागतील.” ते सर मनाने वाईट नाहीत, स्वतःच्या खिशातून दोन मुलांची फी भरतात, गाजावाजा न करता. पण निधीचा पैसा म्हटला की त्यांना हिशेब तपासणारा माणूस डोळ्यांसमोर दिसतो. मग दुकानाचं दरपत्रक मागवायचं ठरलं. मग एक पुरत नाही, दोन हवीत असं कुणाला तरी आठवलं. मग सही करणारे रजेवर गेले. पैसे मंजूर झाले एकोणिसाव्या दिवशी. त्या एकोणीस दिवसांत तिची परीक्षा सुरू होऊन संपली होती. कोरड्या नोंदीत हे प्रकरण ‘निकाली’ असंच दिसेल.

मला मात्र त्या अकरा कोऱ्या रेघा सुटेनात. कारण अशाच रेघा मी एकदा काठोकाठ भरल्या होत्या, आणि समासातही लिहिलं होतं.

मी कॉलेजात होते तेव्हा एका न्यासाची शिष्यवृत्ती होती. परत करायची नसलेली, निव्वळ अनुदानाची. गुण लागायचे, उत्पन्नाचा दाखला लागायचा, आणि ‘आपल्या कौटुंबिक परिस्थितीविषयी लिहा’ असं एक पान लागायचं. घरी ओढाताण होतीच, खोटं काही नव्हतं. पण लिहायला बसले आणि हाताला चव आली. वडिलांना ऋतू बदलला की खोकला व्हायचा, तो त्या पानावर ‘दीर्घ आजार’ झाला. आई रात्री शिलाई मशीनवर बसायची. दिवसा कामं असत, आणि रात्रीची शांतता तिला आवडायची म्हणूनही बसायची. माझ्या पानावर ती मंद दिव्याखाली डोळे फोडून घेत होती. शेवटच्या परिच्छेदात मी मशीनच्या आवाजाला घराच्या श्वासाची उपमा दिली. ती उपमा सुचली तेव्हा मला अतिशय आनंद झाला होता, हे आज कबूल करते. गरिबीचं वर्णन करताना आनंद! शिष्यवृत्ती मिळाली. काही दिवसांनी कच्चा मजकूर आईच्या हाती लागला, माझ्या वहीत होता. तिने तो उभ्यानेच वाचला, घडी घातली, वहीत परत ठेवला. “छान लिहिलंयस,” म्हणाली. बस, एवढंच. वडिलांना तिने ते कधी दाखवलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस ती रात्रीची मशीनवर बसली की मला तो आवाज ऐकू नये असं वाटायचं.

माझ्याच बाकावर बसणाऱ्या एका मुलाने त्याच शिष्यवृत्तीचा अर्ज केला होता. त्याचं पान मी पाहिलं होतं. ‘वडील नाहीत. पैसे नाहीत.’ दोन वाक्यं. त्याला नाही मिळाली. दुसऱ्या वर्षाला तो दिसला नाही. तो माझ्यामुळे गेला असं आज लिहिलं तर तोही पुन्हा एक निबंधच होईल, आणि निबंध मला जमतो हे मला ठाऊक आहे. म्हणून एवढंच, की त्याची जागा नंतर रिकामी होती आणि मी दप्तर तिथे ठेवायचे.

अनुदानाची एक गंमत आहे. ते कायम मागे बघतं. गेल्या वर्षीचं उत्पन्न, आधीच्या परीक्षेचे गुण. काही देशांत तर दोन वर्षांपूर्वीच्या कराचा कागद आज मागतात. मधल्या काळात बापाची नोकरी गेली असेल, आजारपण आलं असेल, घर दोन ठिकाणी वाटलं गेलं असेल, तरी कागदावर सगळं सुखरूप असतं. अशा वेळी कॉलेजच्या अर्थसाहाय्य कार्यालयात जाऊन ‘आमची परिस्थिती बदलली आहे, पुन्हा विचार करा’ असं लेखी सांगता येतं, आणि पुष्कळ ठिकाणी खरोखर पुन्हा विचार होतो. पण हे ज्याला माहीत असतं त्याला ते घरातल्या कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि ज्याच्या घरात सांगणारं कुणी नसतं त्यालाच त्याची गरज असते. आणखी एक विचित्र प्रकार मी पाहिलाय. बाहेरची एखादी शिष्यवृत्ती मिळाली की काही कॉलेजं आपण देत असलेली मदत तेवढ्याने कापतात. मुलगा पेढे वाटून येतो आणि हातात पूर्वीइतकेच पैसे. म्हणून बाहेरचा अर्ज करण्याआधी ‘हे मिळालं तर तुमचं कमी होईल का’ हा प्रश्न कॉलेजला विचारून घ्यावा, असं मी आता मुलांना सांगते. चारचौघांत विचारायला संकोच वाटला तरी.

कर्जाचं उलटं असतं. ते सगळं पुढे बघतं. पदव्युत्तर शिक्षणाला मी कर्ज घेतलं तेव्हा वडिलांचा दाखला पुरला नाही, मामा जामीन राहिला. सही करताना त्याने खिशातून स्वतःचं पेन काढलं, तिथलं दोरीला बांधलेलं नाही वापरलं. “हिची नोकरी कुठं जातेय?” असं तो हसत म्हणाला होता. पुढे तो घरी आला की पाण्याचा पेला घेता घेता विचारायचा, “काय, चाललंय ना ठीक?” आधीही तो हेच विचारायचा. पण सही झाल्यापासून त्या वाक्यात हप्ता ऐकू यायला लागला. बिचाऱ्याच्या मनात नसेलही. मी मात्र त्याच्यासमोर नवे कपडे घालायचं टाळायचे. जामीनदाराचं नाव कर्जाच्या कागदावर असतं, आणि त्याचं ओझं दोन्ही घरांतल्या बोलण्यावर येतं. हा भाग कुठल्याच माहितीपत्रकात छापत नाहीत.

आणि व्याजाचं गणित. ते मला कुणी बसून सांगितलं नाही, मी नंतर आपलं आपण मांडलं. समजा १०० घेतले, वर्षाला १० टक्के सरळ व्याज, शिक्षण संपेपर्यंत चार वर्षं काहीच भरायचं नाही. ऐकायला किती उदार! पण त्या चार वर्षांत ४० जमा होतात, आणि शिक्षण संपलं की पुष्कळदा ते गुपचूप मुद्दलात मिसळतात. आता १४० वर व्याज. दहा वर्षांत मासिक हप्त्यांनी फेडलं तर एकूण २२२ च्या आसपास जातात. शिकत असतानाच दर महिन्याला निदान व्याजापुरतं भरलं असतं तर तो १४० चा आकडा आलाच नसता. पण तेव्हा ‘आत्ता काही भरायचं नाही’ हे वाक्य कानाला इतकं गोड लागलं होतं की पुढचं ऐकलंच नाही. शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी मला काहीतरी व्हायला हवं होतं. काहीच झालं नाही. ‘आपल्याकडे काहीही येणे बाकी नाही’ असं एक पत्र आलं, त्यात माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं होतं. मामाला फोन केला. तो म्हणाला, “अगं, मी तर विसरूनच गेलो होतो.” तो विसरला नव्हता, हे मामीने नंतर सांगितलं.

पुढचं आयुष्य तारण ठेवायची ही कल्पना जुनी आहे. आंबेडकरांनी १९१३ मध्ये बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेतली ती परतल्यावर १० वर्षं संस्थानची नोकरी करीन या करारावर. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं, आणि १९२० मध्ये पुन्हा गेले ते प्राध्यापकीतून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज यांच्या जोरावर. आपण त्या शिष्यवृत्तीचं कौतुक करतो, ते योग्यच आहे. मला मात्र अलीकडे तो मित्र जास्त आठवतो. त्याने अर्ज भरून घेतला नसावा. पुढे १९५५ मध्ये मिल्टन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञाने सुचवलं, की विद्यार्थ्याला कर्ज देण्याऐवजी त्याच्या भावी कमाईतला हिस्साच विकत घ्यावा, कंपनीचा शेअर घेतात तसा. येल विद्यापीठाने १९७१ मध्ये त्याच्याच जवळचा एक प्रयोग केला. एका वर्षाच्या सगळ्या कर्जदारांचा एक गट, प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा ठरलेला भाग भरायचा, आणि गटाचं सगळं कर्ज फिटेपर्यंत भरतच राहायचं. बिल क्लिंटन त्यातलेच एक. काहींनी भरणं सोडलं, आणि भरणारे मुकाट्याने त्यांचंही भरत राहिले. १९७८ मध्ये नवीन मुलं घेणं बंद झालं, पण आधीच्यांचे हप्ते पुढे वर्षानुवर्षं चालूच. मला त्यातल्या इमानदारांची दया येते आणि त्यांचा थोडा रागही येतो, का ते नक्की सांगता येत नाही. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून शहाणपणाची वाट धरली. उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर गेलं तरच कराबरोबर वसुली, नाहीतर थांबायचं. मामाला कुणी बोलवत नाही तिथे.

पण माझ्यासमोरच्या मुलीला यातलं काहीच नको होतं. तिच्या मागच्या वर्षाचा प्रश्न नव्हता, पुढच्या दहा वर्षांचाही नव्हता. तिला सोमवारी फळा दिसायला हवा होता.

‘आज’ हा शब्द पैसे देणाऱ्या कुठल्याच व्यवस्थेला नीट उच्चारता येत नाही. आठशे वर्षांपूर्वी निदान प्रयत्न तरी झाला होता, आणि त्याची सुरुवात मोठी अमंगळ आहे. १२०९ मध्ये ऑक्सफर्डमध्ये एका बाईचा जीव गेला, संशयित विद्यार्थी पळाला, आणि गावाने त्याच्याबरोबर राहणाऱ्यांनाच धरून फासावर दिलं. शिक्षक-विद्यार्थी गाव सोडून गेले, त्यातले काही केंब्रिजला. १२१४ मध्ये तडजोड झाली तेव्हा गावाला दंड बसला, गरीब विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ५२ शिलिंग. तो पैसा पुढे १२४० मध्ये रॉबर्ट ग्रोसटेस्ट या बिशपने एका पेटीत ठेवायची व्यवस्था केली. सेंट फ्राइड्सवाइडची पेटी. अडलेल्या विद्यार्थ्याने यावं, एखादी वस्तू गहाण ठेवावी आणि बिनव्याजी पैसे न्यावेत. मग अशा आणखी पेट्या निघाल्या. गहाण काय, तर बहुतेक पुस्तकं. त्या काळातल्या काही हस्तलिखितांच्या कोऱ्या पानांवर अजून नोंदी दिसतात, अमुक दिवशी, अमुक पेटीत, तारण. एकच पुस्तक पुन्हा पुन्हा गहाण पडलेलं, सोडवलेलं, परत पडलेलं. मला वाटतं त्या नोंदींमध्ये कारण लिहिलेलं नसावं. पुस्तक ठेवलंय ना, मग कशाला विचारायचं? अर्थात, पुस्तकच गहाण ठेवून शिकायचं कसं, हा प्रश्न उरतोच. चष्म्यावाचून परीक्षा द्यायची कशी, तसाच.

अलीकडे काही ठिकाणी हा ‘आज’ उच्चारायचा प्रयत्न पुन्हा चालू आहे. अमेरिकेतलं जॉर्जिया स्टेट विद्यापीठ २०११ पासून असं करतं, की फीचे काही शे डॉलर कमी पडलेत म्हणून ज्यांची नावं आता वर्गातून कमी होणार, ती मुलं स्वतःच शोधून काढायची, आणि तेवढी रक्कम त्यांच्या खात्यावर टाकायची. अर्जच नाही. मुलाला सकाळी निरोप येतो, बाकी भरलेली असते. त्यात पदवीच्या उंबरठ्यावर आलेली मुलंही असतात. हे वाचलं तेव्हा मी आमच्या बारा रेघांचा कागद काढून पुन्हा पाहिला. मिशिगन विद्यापीठाने २०१५ मध्ये आणखी एक गोष्ट केली, ती मला त्याहून बोचली. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या हुशार मुलांना त्यांनी एक मोठं, रंगीत पाकीट पाठवलं. तुम्हाला प्रवेश मिळाला तर चार वर्षं फी नाही, त्यासाठी वेगळे कागद भरायचे नाहीत. पाकीट मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी प्रवेशाचा अर्ज केला, न मिळालेल्या तशाच मुलांपैकी २६ टक्क्यांनी. आणि बहुतेकांना ती मदत एरवीही मिळालीच असती. नुसतं आधी सांगितलं, आणि कारण लिहायला लावलं नाही. म्हणजे वर्षानुवर्षं किती मुलं त्या बारा रेघांच्या अलीकडेच थांबली असतील, अर्ज न करताच, समितीला कधी न दिसता.

पुढच्या बैठकीत मी सुचवलं की बारा रेघांची एक रेघ करू. आणि ठरावीक मर्यादेपर्यंतची रक्कम एका सहीवर, दोन दिवसांत. तेच बूटवाले सर म्हणाले, “मॅडम, मग खरंखोटं कसं ओळखायचं?” प्रश्न रास्त होता. सगळे माझ्याकडे बघत होते. बारा रेघांनी खोटं पकडलं जात नाही, उलट ते तिथेच नीट शिजतं, हे मी पुराव्यानिशी सांगू शकले असते. घराचा श्वास म्हणजे शिलाई मशीन, हे एक वाक्य म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी चहाचा कप उचलला आणि म्हणाले, “त्याचा विचार करू.” दोन दिवसांच्या मंजुरीचं मान्य झालं. रेघा बारावरून सहावर आल्या.

एकोणिसाव्या दिवसाचं सांगायचं राहिलं. ती पैसे घ्यायला आली तेव्हा परीक्षा संपून दोन दिवस झाले होते. “कशी दिलीस ग?” मी विचारलं. मैत्रिणीच्या बहिणीचा जुना चष्मा मिळाला होता, म्हणाली. “नंबर जवळजवळ सारखाच होता, मॅडम. एका डोळ्याचा.” दुसरा डोळा मिटून तीन तास पेपर लिहिले. डोकं दुखायचं, पण प्रश्न दिसले. तक्रार नव्हती तिच्या आवाजात, हुशारीने वाट काढल्याचा थोडा अभिमानच होता. मी व्हाउचर पुढे केलं. त्यावरही एक रकाना होता, ‘रक्कम कशासाठी’. ती माझ्याकडे वळून, तसेच डोळे बारीक करून म्हणाली, “इथंपण सविस्तर?”

“नको ग,” मी म्हणाले. “एकच शब्द लिही.”

तिने लिहिला. मग सही कुठे करायची ते तिला दिसेना. मी कागदावर बोट ठेवलं. पेनाचं टोक आधी माझ्या नखाला लागलं, मग कागदाला.